भाऊ, बदक तुमच्याकडे पाहून उडते

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणायचे, ते दिवस मी शेपटाकडून पाहिले. मोठ्या बाजाराजवळ आमचं भांड्यांचं दुकान. गुंड, गंज, परात, घागर. १९९६ च्या दिवाळीनंतर, मंडईची गर्दी ओसरल्यावर, मी दुकानाच्या एका कोपऱ्यातल्या घागरी हलवल्या, तिथे चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही ठेवला आणि त्याला टीव्ही गेम जोडला. एक रुपयाला एक गेम. आठ वर्षं हा धंदा केला. ज्या कंपनीच्या जिवावर आठ वर्षं खाल्लं तिचं नाव मला धंदा बंद झाल्यावर कळलं. हे टिपण त्या उशिरा कळण्याचं आहे. धंदा कसा करावा हे माझ्याकडून कोणी शिकू नये. तसं बाबांनी १९९६ सालीच बजावलं होतं; मला नाही, आईला, पण मला ऐकू येईल अशा आवाजात.

१. माझ्या दुकानातलं सगळ्यात कमावतं यंत्र आतून जवळजवळ रिकामं होतं. नागपूरच्या सीताबर्डीवरून एसटीत मांडीवर घेऊन आणलेला तो सेट. खोक्यावर कंपनीचं नाव दोन बाजूंना दोन वेगळ्या स्पेलिंगांत छापलेलं. मी ते वाचून हसलो आणि तरी घेतला, यावरून माझी पारख कळावी. दोन वर्षांनी त्याचं पॉवरचं बटण आत अडकलं म्हणून स्क्रू काढले. आत तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्या मधोमध डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका, आणि तळाशी नुसतं वजन वाटावं म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. बाकी हवा. पितळेचं दुकान असलेल्या माणसाला वजनाची ही थट्टा फार लागली. आमच्याकडे भांडं तोलून विकतात.

त्या काळ्या थेंबाखाली काय होतं ते पुढे इंटरनेट आल्यावर वाचलं. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’, लाडानं ‘फॅमिकॉम’, नावाचं यंत्र बाजारात आणलं. किंमत १४,८०० येन. ते घडवणारे इंजिनिअर मासायुकी उएमुरा. त्यात रिकोह कंपनीच्या दोन मुख्य चिप होत्या, एक खेळ चालवणारी आणि एक चित्र काढणारी. कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या आणि पुढे पुढे दोन्ही चिप, मेमरी, सगळा पसारा एकाच चिपमध्ये कोंबून वर काळा लेप ओतला. आपल्याकडे तोच खेळ समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी घराघरांत पोचला. म्हणजे माझा डबा रिकामा नव्हता. दहा-बारा वर्षांत लोकांनी एक अख्खं यंत्र मसुराच्या डाळीएवढं केलं होतं आणि मी वजन शोधत बसलो होतो.

अस्सल माल या देशात येतच नव्हता असंही नाही. निन्टेंडोच्या प्रतिस्पर्ध्याचा, सेगाचा, मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेस या दारूसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीमार्फत भारतात आला. किंमत १८,००० रुपये. तेवढ्यात भंडाऱ्यात एका लेकीच्या लग्नाची सगळी भांडी झाली असती, आणि जावयाला अंगठीही.

२. धंदा बदलताना माणूस आधी मूर्खासारखा वागतो, आणि यात मी एकटा नाही. बाबांनी पितळ सोडून स्टील ठेवायला दहा वर्षं लावली. तोवर गिऱ्हाईक स्टीलच्या दुकानात पोचून तिथली उधारीही थकवून झालं होतं. मला बाबांचा राग यायचा. मग निन्टेंडोचा इतिहास वाचला आणि राग जरा निवळला.

ही कंपनी १८८९ सालची आहे. क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थांनी हानाफुदा, म्हणजे फुलांचे पत्ते, करायला सुरुवात केली. बारा महिन्यांची बारा फुलं-झाडं, प्रत्येकाचे चार, एकूण ४८ पत्ते. (आपल्या सावंतवाडीची गंजिफा आठवते. तीही हातानं रंगवलेली, गोल. दशावतारी संचात १२० पत्ते. एका पत्त्यातून मारिओ निघाला, दुसरा काचेच्या कपाटात गेला. का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण प्रश्न सुटत नाही.) १९४९ मध्ये त्यांचा पणतू हिरोशी यामाउची कॉलेज सोडून गादीवर बसला, विशी नुकतीच ओलांडलेला. १९५६ मध्ये तो अमेरिकेतली पत्त्यांची सगळ्यात मोठी कंपनी पाहायला गेला, तर तिचं ऑफिस लहानसंच. जगात या धंद्यात पहिला नंबर काढला तरी आपली उडी इथवरच, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. मग त्यानं काय केलं? टॅक्सी काढल्या. झटपट शिजणारा भात विकायला काढला. दोन्ही चाललं नाही.

हा भात वाचून मी दुकानात एकटा हसलो. आमचा जिल्हा भाताचा. पावसाळ्यात इथे माणसं दिसत नाहीत, बांध्या दिसतात. इथल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं, की बापू, भाताला घाई करू नका. पण यामाउचींना भंडारा ठाऊक नव्हता आणि मला क्योटो.

३. नाव वाचता आलं नाही तरी माणसाशी ओळख होते. आमच्याकडच्या पोट्ट्यांनी मारिओची व्युत्पत्ती स्वतःच लावली होती: मारतो तो मारिओ. बराच काळ मलाही ती पटली होती. खरं पाहिलं तर १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये त्याला नावच नव्हतं. उड्या मारतो म्हणून ‘जंपमॅन’ म्हणत, आणि धंद्यानं तो सुतार होता. अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाले यांच्यावरून त्याला नाव मिळालं. मिशी त्याला शौक म्हणून नाही. शिगेरू मियामोतो यांना इतक्या थोड्या ठिपक्यांत चेहरा बसवायचा होता की तोंड काढायला जागाच उरेना. नाकाखाली मिशी दिली की काम भागतं. केस उडताना दाखवणं अवघड, म्हणून टोपी. गरिबाच्या घरी पाहुणा आला की आई जशी एका भाजीची दोन करते, तसा हा प्रकार.

पण त्यातलं मोठं गुपित भंडाऱ्यात फुटलं असं मी अभिमानानं सांगतो. एक दिवस आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा खेळता खेळता थांबला आणि म्हणाला, “भाऊ, हा ढग खाली बसला का?” मी पाहिलं. वरचा ढग आणि खालचं झुडूप, आकार तोच. रंगीत टीव्हीवर एक पांढरा, एक हिरवा, म्हणून लोकांना पटकन दिसत नाही. आमच्या ब्लॅक अँड व्हाइटवर दोघंही उघडे पडले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा. बत्तीस पातळ्यांचा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज फोनवर कुणी ‘सुप्रभात’चं फुलांचं चित्र पाठवतं, ते याहून जड असतं. त्या जागेत दुसरं झुडूप काढायची चैन नव्हती. तेच चित्र, रंग वेगळा. रंगीत टीव्ही घ्यायला पैसे नव्हते याचा एवढाच फायदा मला आयुष्यात झाला.

४. मोठा आकडा पाहिला की माझी अक्कल झोपते. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट मी नागपूरहून आणली तेव्हा एसटीत मनाशी हिशेब केला: रोज दहा खेळ जरी लोकांनी संपवले तरी कॅसेट माझ्या पणतवंडांना पुरेल. घरी येऊन लावली. खेळ निघाले सात. त्यांचीच नावं बदलून, कुठे दुसऱ्या पातळीपासून सुरुवात, कुठे रंग फिरवलेले, अशी यादी पानामागून पान चालू. विकणाऱ्याकडे परत गेलो असतो, पण काय तोंडानं? नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजारांचा हिशेब चुकतोय असं सांगू?

पोरांनी मात्र सात खेळांत आठ वर्षं काढली.

५. जगभर सगळ्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली, आणि कुणी कुणाला शिकवली नव्हती. चित्र आलं नाही, पडद्यावर नुसते चौकोन नाचले, की कॅसेट काढायची, ओठांशी धरायची, माउथ ऑर्गनसारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुंकायची. माझ्या फुंकरीचं गावात नाव होतं. वरठीहून एक गृहस्थ आपली कॅसेट घेऊन आले होते, ‘तुमच्या हातानं फुंकून द्या’ म्हणून. मी नम्रपणे फुंकून दिली. पैसे घेतले नाहीत. असला मान जन्मात पुन्हा मिळाला नाही.

पुढे वाचलं की निन्टेंडो स्वतः फुंकू नका म्हणून सांगत होती. तोंडातली ओल आतल्या धातूच्या पट्ट्यांवर बसते आणि त्या हळूहळू खराब होतात. मग गेम चालू कसा व्हायचा? काढून परत लावल्यानं. पट्टी पुन्हा नीट टेकायची, एवढंच. म्हणजे माझी कीर्ती हवेची होती, अक्षरशः.

बाबांनी हे तेव्हाच सांगितलं होतं. ते एकदा माझ्यामागे उभे राहिले, कॅसेटच्या तोंडातल्या पिवळ्या दातांकडे पाहिलं आणि म्हणाले, “पितळेला फुंकर नाही, चिंच लागते.” ते पितळ नाही, हे मी त्यांना समजावलं नाही. उलट त्या रात्री चिंच लावून पाहिली. सकाळी दात चकचकीत होते आणि कॅसेट मेलेली होती. नंतर एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं खोडरबर दाखवलं. तेच खरं औषध. पण खोडरबर घासणाऱ्याकडे कुणी वरठीहून येत नाही.

६. माझा सगळ्यात वाईट उद्योग एका पोरानं पकडला. ‘डक हंट’ला एक रुपया. गवतातून बदक उडायचं, पोरानं प्लॅस्टिकच्या बंदुकीनं पाडायचं. ज्यांचा नेम चांगला ते एका रुपयात पाऊण तास उठत नसत. मागे रांग. एक दिवस टेबल पुसताना उरलेल्या रिमोटचं बटण दाबलं गेलं आणि बदक वळलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा वळलं. एका बदकाच्या खेळात दुसऱ्या माणसाला रिमोटनं बदक उडवता येतं, ही सोय निन्टेंडोनं मुद्दामच ठेवली होती. भावानं बंदूक धरावी, बहिणीनं बदक व्हावं म्हणून असेल. मी तिचा उपयोग धंद्यासाठी केला. काउंटरखाली, मांडीवर रिमोट. नेमबाज पोरगा बसला की पाच-सात फेऱ्या जाऊ द्यायच्या, आणि मग बदकाला शेवटच्या क्षणी गिरकी. कुत्रा गवतातून वर येऊन फिदीफिदी हसायचा. त्याला गोळी लागत नाही. मलाही लागत नव्हती.

दीडेक महिना चाललं. मग सातवीतला एक शांत पोरगा, रोज येणारा, बंदूक खाली ठेवून म्हणाला, “भाऊ, बदक तुमच्याकडे पाहून उडते.” बाकीचे हसले. तो हसला नाही. मीही हसण्याचा प्रयत्न केला, तो जमला नाही. त्यानं रुपया परत मागितला नाही. त्या दिवसापासून मी रिमोट वर, सगळ्यांना दिसेल असा ठेवू लागलो, आणि बदक उडवायचा वेगळा रुपया लावला. (हो, तेवढा सुधारलो.) त्यासाठीही रांग लागली. बदक होण्यात एवढी मजा असेल असं वाटलं नव्हतं.

बंदुकीचं आतलं कामही असंच उलटं निघालं. मला वाटायचं, बंदुकीतून काहीतरी निघतं आणि पडद्यावर लागतं. प्रत्यक्षात बंदूक काहीच मारत नाही, ती पाहते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाश टिपणारा डोळा तो दिसला की नाही एवढंच सांगतो. हे सगळं जुन्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीच्या वेळेशी बांधलेलं. २०१२ मध्ये घरी पातळ टीव्ही आला तेव्हा मुलाला दाखवायला हौसेनं सगळं जोडलं. एकही बदक पडेना. मुलगा म्हणाला, “बाबा, तुमचा नेम गेला.” मी नाही म्हटलं नाही.

७. बातमी पोचायला वायर लागत नाही. ‘काँट्रा’ या खेळात तीन लाइफ मिळायच्या आणि तिन्ही मिळून फार तर दहा मिनिटं टिकायच्या. माझ्या गल्ल्याला तो खेळ देवासारखा. १९९८ च्या उन्हाळ्यात एक पोरगी बालाघाटला मामाकडे राहून आली आणि तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए, स्टार्ट. लाइफ तीस. आठवड्याभरात ते अख्ख्या भंडाऱ्याला पाठ. पाढे येत नव्हते ती पोरं हे घडाघडा म्हणत. एका रुपयात आता तासभर. मी गेमचा हिशेब सोडून दहा मिनिटांना रुपया केला, आणि भिंतीवरच्या घड्याळावरून रोज भांडणं सुरू झाली. “झाले का जी दहा मिनिटं? घड्याळच पळते तुमचं.”

तो मंत्र काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाचा. कोनामी कंपनीचा ‘ग्रेडियस’ हा खेळ १९८६ मध्ये फॅमिकॉमवर आणताना तो त्यांना स्वतःलाच इतका अवघड जायला लागला की तपासण्यापुरती ही पळवाट त्यांनी ठेवली, आणि ती तशीच राहून गेली, पुढे ‘काँट्रा’तही. २०२० च्या फेब्रुवारीत ते वारले. जपानमधल्या एका माणसाला स्वतःचा खेळ जमेना, म्हणून बालाघाटमार्गे माझा धंदा बसला. कार्यकारणभाव इतका स्वच्छ मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

८. शिळ्यापाक्याला मी हसायचो. तिकडे एका माणसानं त्याचंच शास्त्र केलं. गुनपेई योकोई हे निन्टेंडोत पत्त्यांच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळायला लागले. वेळ जाईना म्हणून एक लांबणारा लाकडी हात करून खेळत बसले होते, ते यामाउचींनी पाहिलं. शिव्या पडतील असं वाटलं, तर हुकूम झाला की हेच विकायला काढ. १९६६ चा तो ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांहून जास्त खपला. पुढे आगगाडीत एक कंटाळलेला माणूस कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला पाहून योकोईंना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली. रिमोटवरचं अधिकच्या चिन्हासारखं बटण, ज्यानं आमच्या पोट्ट्यांच्या डाव्या अंगठ्यांना घट्टे पडले, तेही त्यांचंच.

त्यांचं म्हणणं असं होतं की तंत्र जुनं, स्वस्त, सगळ्यांना नीट ठाऊक झालेलं घ्यावं आणि त्याचा आडवा विचार करावा. १९८९ चा गेम बॉय पाहा. हिरवट पडदा, चार छटा, आत दिवा नाही. स्पर्धकांकडे रंगीत पडदे होते, पण ते सेल भराभरा खात. गेम बॉय चार पेन्सिल सेलांवर दिवस दिवस चालायचा. त्याचा रंगीत भाऊ धरून ही यंत्रं अकरा कोटींच्या वर खपली. मला हे वाचताना माझी आई आठवली, जी रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन तो नवाच पदार्थ असल्यासारखा वाढायची.

मात्र ही वाट दरवेळी पावते असं नाही. योकोईंनीच १९९५ मध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ काढला, लाल रेघांचा, डोळे दुखवणारा. साफ आपटला. पुढच्या वर्षी त्यांनी कंपनी सोडली आणि १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. मी हे वाचलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला मी परात दाखवायची ती गंज दाखवला.

९. जो आपल्याकडे विचारायला येतो तोच उद्या समोर दुकान टाकतो. २००१ मध्ये माझा मावसभाऊ म्हणाला, दोघं मिळून प्लेस्टेशन घेऊ, अर्धे पैसे तुझे. मी म्हटलं, सीडीवर ओरखडा पडला की संपलं, कॅसेटसारखी वस्तू नाही. त्यानं मान हलवली आणि दोन महिन्यांत शेजारच्या गल्लीत एकट्यानं टाकलं. रंगीत टीव्ही, गाड्यांच्या शर्यती, कुस्त्या. माझ्याकडे उरली ती फक्त त्याच्याकडे नंबर न लागलेली पोरं.

समाधान एवढंच की निन्टेंडोनंही हेच केलं होतं, आणि फार मोठ्या प्रमाणावर. सीडीचं यंत्र काढायचा करार सोनीशी झालेला. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीनं ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोनं आपण फिलिप्सबरोबर जाणार असं सांगितलं. भरमांडवात नवरी बदलावी तसं. सोनीनं अपमान गिळला आणि डिसेंबर १९९४ मध्ये स्वतःचं प्लेस्टेशन आणलं. ते दहा कोटींच्या पुढे गेलं. कॅसेट धरून बसलेलं निन्टेंडो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबलं. मावसभावाला हे मी एकदा लग्नात सांगितलं. तो म्हणाला, “मग तू तुले निन्टेंडो समजते का?” पंगतीत सगळे हसले. जिलबी चांगली होती.

१०. पितळेला मोड असते, प्लॅस्टिकला नसते. फुटकी घागरही आमच्याकडे वजनावर घेतली जाते. २००४ मध्ये मी टीव्ही गेम बंद केला तेव्हा चाळीसेक कॅसेटा, सहा रिमोट, दोन बंदुका होत्या. भंगारवाल्यानं हातात घेऊन पाहिल्या आणि “हे राहू द्या” म्हणाला. मग कळलं की अमेरिकेत अटारी कंपनीनं १९८३ मध्ये न खपलेल्या कॅसेटा ट्रकांनी नेऊन न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या होत्या, आणि २०१४ मध्ये लोकांनी त्या हौसेनं उकरून काढल्या. माझ्या कॅसेटा माळ्यावर आहेत. उकरायला कुणी आलेलं नाही.

११. हिशेब एका बाजूचाच राहिला आहे. आठ वर्षांत माझ्याकडे आलेल्या एकाही रुपयातला पैसा क्योटोला गेला नाही. सेट नकली, कॅसेट नकली, बंदूक नकली. त्या वयात आम्हाला अस्सल-नकली हा भेदच नव्हता, हे खरं. पण ते काही उत्तर नव्हे. आमच्या शिक्क्याची भांडी दुसऱ्यानं ओतली असती तर बाबांनी गल्ली डोक्यावर घेतली असती. डिसेंबर २०२१ मध्ये उएमुरा वारल्याची बातमी फोनवर वाचली. म्हातारपणी ते क्योटोच्या विद्यापीठात शिकवत होते. दुकानात आता स्टील आहे, कुकरच्या शिट्ट्या आहेत, मोबाइलचं रिचार्ज आहे. पितळेच्या दोन घागरी दारात शोभेला. ती बातमी वाचून मी शटर अर्धं खाली घेतलं, आणि मग गिऱ्हाईक आलं म्हणून वर केलं.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याला भाचीकडे गेलो होतो. तिच्या मुलाकडे निन्टेंडोचा स्विच आहे. त्याच्या वाढदिवसाला मी स्वतः दुकानात जाऊन मारिओची अस्सल कॅसेट घेतली. त्या एकीच्या किमतीत माझ्या काळचे चार-पाच सेट आले असते. पावती नीट घडी करून पाकिटात ठेवली. घरी येऊन डबी उघडली, तर कॅसेट अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. एवढ्याशा वस्तूला डबी केवढी, असं बाबांनी म्हटलं असतं. मी ती उचलली आणि आठ वर्षांची सवय, हात आपोआप ओठांशी गेला. वस्तू लहान, अंदाज चुकला, ओठाला लागली.

कडू. चिरायत्यासारखी कडू.

“आजोबा, ती तोंडात घालायची नसते,” पोरगा शांतपणे म्हणाला. “लहान बाळांनी गिळू नये म्हणून कंपनीच कडू करते.” मी आत जाऊन दोन पेले पाणी प्यालो. चव गेली नाही. बाहेर आलो तेव्हा मारिओ पडद्यावर उभा होता, मिशी, टोपी, सगळं जागच्या जागी, आणि पोरानं दुसरा रिमोट माझ्यासाठी सोफ्यावर, सगळ्यांना दिसेल असा, ठेवला होता.